पंचायतीचे दप्तर कसे लावावे

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी शेतकरी बियाणे, खते व औते यांची जुळवाजुळव करतो. अलीकडे या जुळवाजुळवीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे कागद. पीककर्जास सातबारा व आठ-अ लागतो. वारसाची नोंद करावयाची तर मृत्यूचा दाखला लागतो. गोठा बांधावयाचा तर ग्रामसभेचा ठराव व जागेचा उतारा लागतो. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला असून, तो मिळवितानाही नावातील एका अक्षराच्या फरकावरून अनेकांना पुन्हा पंचायतीचे व तलाठ्याचे दार गाठावे लागले आहे. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरी हे आमच्या तालुक्यातील मोठे गाव व महसूल मंडळाचे ठिकाण आहे. अशा गावी हंगामाच्या तोंडावर कृषी कार्यालयात येणारा शेतकरी वाणाची चौकशी जितक्या वेळा करतो, तितक्याच वेळा कागदाची करतो.

पंचायतीचे दप्तर कसे लावावे हा विषय शेतीच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. उत्तर इतकेच की, शासनाने मंजूर केलेली रक्कम कित्येकदा एका न सापडलेल्या कागदापाशी येऊन थांबते. हा लेख मुख्यतः ग्रामपंचायतीतील लिपिक, शिपाई, केंद्रचालक व पंचायत अधिकारी यांच्यासाठी आहे. शेतकरी बांधवांनीही तो वाचावा, कारण दप्तरासमोर ताटकळत उभे राहणारे तेच असतात.

एका नोंदवहीचा शोध

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात नेमणुकीस होता. सन २०२१ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन पाण्याखाली गेले. पंचनामे झाले, याद्या झाल्या. एका गावी एका विधवा बाईची तीन एकर जमीन अद्याप मयत पतीच्या नावावर होती. मयताच्या नावे रक्कम जमा होऊ शकत नव्हती. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला हवा होता आणि घरातील दाखला पावसाने गळक्या छपराखाली लगदा होऊन गेला होता. मृत्यूची नोंद वेळेवर केल्याचे बाई शपथेवर सांगत होत्या. पंचायतीत मात्र त्या वर्षाची नोंदवही मिळेना.

लिपिकाने टाळाटाळ केली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. त्याने तीन कपाटे उपसली. सतरा दिवसांनी वही सापडली, ती "किरकोळ" अशी चिठ्ठी लावलेल्या एका गाठोड्यात, हातपंपाच्या दुरुस्तीच्या देयकांखाली. सेवानिवृत्त झालेल्या एका शिपायाला घरून बोलावून आणल्यावर त्याने आठवून सांगितले की, छप्पर गळू लागले तेव्हा वरच्या फळीवरील सर्व वह्या आपणच घाईने त्या गाठोड्यात बांधल्या होत्या. म्हणजे वही वाचविण्याच्या हेतूनेच ती हरवली होती. त्या शिपायाच्या स्मरणाखेरीज त्या कार्यालयास दुसरी सूची नव्हती.

या घटनेत दोष कोणा एकाचा नाही. दोष मांडणीचा आहे, आणि मांडणी सुधारता येते.

कोणाचे कागद, कोणत्या काळचे

गावात दोन दप्तरे असतात, याची जाणीव पुष्कळांना नसते. जमिनीचे दप्तर महसूल खात्याचे. ते ज्यास आपण तलाठी म्हणत आलो व ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, त्याच्याकडे. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसांची सहा-क ही नोंदवही हे सर्व त्यातले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अँडरसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतून एक ते एकवीस गाव नमुन्यांची ही घडी बसली. दुसरे दप्तर ग्रामपंचायतीचे. घरांची कर आकारणी, करांची मागणी, रोकडवही, ग्रामसभेची व मासिक सभांची कार्यवृत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पाणीपुरवठा, घरकुले. २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे पंचायतीचे तेहेतीस नमुने आहेत. त्यांपैकी आठ क्रमांकाचा म्हणजे कर आकारणीचा नमुना गावकऱ्यांच्या तोंडी "आठचा उतारा" म्हणून परिचित आहे. महसुलाचा आठ-अ आणि पंचायतीचा नमुना आठ यांचा घोटाळा तर नित्याचा होय.

पुष्कळ गावी दोन्ही कार्यालये शेजारी असतात व जागेच्या टंचाईमुळे कागद एकमेकांत मिसळतात. फ्रान्स देशात १८४१ साली एका शासकीय परिपत्रकाने असा दंडक घालून दिला की, एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत. जगभरचे अभिलेखपाल आजही तो पाळतात. आपल्या खोलीतही तोच पहिला नियम करावा. कपाट एकच असेल तर मधोमध रंगाची रेघ ओढावी, पण सरमिसळ करू नये.

मराठवाड्याच्या दप्तराची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-साताऱ्याकडील सेवकांना सहसा जाणवत नाही. आपला प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. यास्तव जुने कागद कोठे उर्दूत, कोठे मोडीत आढळतात. त्यांवरील वर्षे बहुधा फसली सनाची असतात. फसली सनात साधारणतः ५९० मिळविले असता इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७ चा. वर्ष संपण्याचे महिने निराळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून चिठ्ठीवर मूळ फसली सन जसाच्या तसा लिहून त्याखाली इसवी सन लिहावा, मूळ खोडू नये. सेतवार व १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक यांना आजही जमिनीच्या वादात मोठे मोल आहे. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना सर्व्हे नंबर व नवा गट क्रमांक यांचा जोडतक्ता भिंतीवर लावलेला असेल, तर तलाठी कार्यालयातील निम्मी विचारपूस तेथेच संपते.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा जुनी गाठोडी गावोगाव उघडली गेली. त्या प्रश्नाच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. तथापि, त्या शोधात दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट दिसून आली. पिढ्यान्‌पिढ्या कोणी न पाहिलेली वही एका सकाळी शेकडो कुटुंबांच्या कामाची ठरते, आणि त्या सकाळी ती वाचणारा माणूसही शोधावा लागतो. मोडी किंवा उर्दू वाचणारी एखादी वयोवृद्ध व्यक्ती गावात असेल, तर तिच्याकडून प्रत्येक जुन्या वहीवर चार ओळींची मराठी चिठ्ठी आजच लिहवून घ्यावी.

आरंभ दारापासून

दप्तर लावावयाचे म्हटले की, प्रथम कपाटे मागविली जातात किंवा संगणकाचा प्रस्ताव जातो. हा क्रम उलट आहे. विहीर खोदण्यापूर्वी पाणी कोठे लागेल ते आपण पाहतो. तसे येथे प्रथम दारात येणारा माणूस काय विचारतो ते पाहावे. एका वहीत पंधरा दिवस केवळ तेवढेच लिहावे : कोण आले हे नव्हे, तर काय मागितले, ते कोठे सापडले, आणि शोधावयास किती वेळ गेला. हे लिहिण्याचे काम शिपायाला किंवा पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाही जमते. त्यांनाच ते द्यावे, कारण प्रत्यक्ष धावपळ त्यांची होते.

पंधरा दिवसांनी वही वाचली असता असे दिसते की, मागणी थोड्याच प्रकारच्या कागदांची असते. आठचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, रहिवासी दाखला, ठरावाची नक्कल, कर भरल्याची पावती. हे कागद माणसाच्या हाताच्या उंचीवर, दाराजवळ असावेत. वर्षातून एकदा लेखापरीक्षकास लागणारी प्रमाणके वरच्या फळीवर गेली तरी चालतील. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट आढळते. साहेबांना दाखवावयाच्या फाइली समोर व गावकऱ्यांना लागणाऱ्या वह्या पत्र्याच्या पेटीत.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाच्या वेळेस स्वतंत्र स्थान दिले आहे. दप्तराच्या बाबतीत त्याला सेवकाचा वेळही जोडला पाहिजे. ज्या मांडणीने लिपिकाचे काम वाढते, ती मांडणी महिन्याभरात मोडते, मग ती कितीही शास्त्रीय असो. नोंदीसाठी वीस रकाने दिले की पहिल्या आठवड्यात वीस भरले जातात, दुसऱ्या आठवड्यात सहा, आणि पुढे वही कोरी राहते. चारच रकाने द्यावेत : क्रमांक, वर्ष, विषय, जागा.

सहा गठ्ठे

महाराष्ट्रातील कार्यालयांना दप्तर लावण्याची एक उत्तम पद्धत ठाऊक आहे, पण ती कागदोपत्रीच अधिक राहिली. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील साचलेल्या कागदांची निवड करून सर्व कारभाराची नवी घडी बसविली. लखिना पद्धत या नावाने ती राज्यभर प्रसिद्ध झाली. तिच्याशी निगडित असलेल्या सहा गठ्ठे पद्धतीचे तत्त्व अगदी साधे आहे. कागद कोणत्या विषयाचा आहे हे नंतर पाहावे. प्रथम तो कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खळ्यावरील रास घरी आली की तो बियाण्याचे, खाण्याचे, विकावयाचे व गुरांचे असे भाग करतो. सर्व एकाच बळदात ओतले तर पेरणीच्या वेळी बियाणे निवडीत बसावे लागेल.

पहिला गठ्ठा प्रलंबित कागदांचा, ज्यांवर आपल्याला काही करावयाचे आहे. दुसरा प्रतीक्षेतील कागदांचा. आपले काम झाले, पंचायत समितीचे किंवा अन्य कोणाचे उत्तर यावयाचे आहे. या दोहोंची सरमिसळ हेच अर्ध्या विलंबाचे मूळ होय, कारण उत्तराची वाट पाहणारा कागद आपल्याकडेच पडून आहे असे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रतीक्षेतील प्रत्येक कागदावर स्मरणपत्राची तारीख पेन्सिलीने लिहावी. तिसरा गठ्ठा नियतकालिकांचा, म्हणजे मासिक, त्रैमासिक व वार्षिक विवरणांचा. चौथा स्थायी आदेशांचा, म्हणजे शासन निर्णय व परिपत्रके. पाचवा काम संपून अभिलेख कक्षात जावयाच्या प्रकरणांचा. सहावा नाश करावयाच्या कागदांचा.

सहाव्याविषयी सेवकांच्या मनात भीती असते व ती अनाठायी नाही. म्हणून काहीच न फाडण्याकडे कल होतो आणि कामाचा कागद निकामी कागदांखाली गाडला जातो. शासकीय कार्यालयांत कागदांचे अ, ब, क, क-१ व ड असे वर्ग करून ते अनुक्रमे कायम, तीस वर्षे, दहा वर्षे, पाच वर्षे व एक वर्ष ठेवण्याचा प्रघात आहे. पंचायतीच्या कोणत्या कागदास कोणता वर्ग, याचा तक्ता पंचायत समितीकडून लेखी घ्यावा. मुदत संपलेल्या कागदांची यादी करावी, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, मगच नाश करावा, आणि ती यादी मात्र कायम जपावी. जन्म-मृत्यूच्या वह्या, कार्यवृत्ते व कर आकारणीच्या जुन्या वह्या यांना या गठ्ठ्याचे दर्शनही घडू देऊ नये.

नावाने शोधू नये

नावावरून फाइल लावणे सोपे वाटते. पण आपल्याकडे मुंजाजी हा कागदोपत्री कोठे मुंजाभाऊ, कोठे मुंजा असतो. ज्ञानोबा, ज्ञानदेव व ज्ञानेश्वर हे एकच गृहस्थ असू शकतात, आणि तीन निराळेही असू शकतात. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव व शाळेतील नाव यांत मेळ नसतो. यास्तव घरासाठी मिळकत क्रमांक, जमिनीसाठी गट क्रमांक, नळासाठी जोडणी क्रमांक हीच फाइलीची मुख्य खूण असावी. नावांची सूची वेगळी ठेवावी व तीत एकाच माणसाची सर्व नावे लिहून प्रत्येकापुढे तोच क्रमांक द्यावा. ज्या बाईंची हकीकत वर दिली, त्यांच्या पतीचे नाव वहीत घरच्या लाडक्या नावाने लिहिलेले होते. वही सापडल्यावरही नोंद सापडावयास अर्धा दिवस गेला.

चिठ्ठीवरील भाषा ही सेवकाच्या तोंडची असावी. "अभिसरण आराखडा संचिका" असे लिहिले तर शिपाई ती ओळखणार नाही. "रोजगार हमी – विहिरी – २०२४-२५" असे लिहिले तर ओळखेल. विषयांची यादी पंधरा-वीसच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि "किरकोळ", "इतर", "संकीर्ण" ही शीर्षके यादीत असूच नयेत. कोणताही कागद कोठेच बसत नसेल तर तो पहिल्या गठ्ठ्यात राहू द्यावा, म्हणजे तो रोज डोळ्यांसमोर येईल व त्याची जागा ठरवावीच लागेल.

आता सर्वांत महत्त्वाची, परंतु सर्वांत दुर्लक्षित अशी बाब. कागद काढताना हरवत नाही, तो परत ठेवताना हरवतो. काढणाऱ्यास गरज असते, म्हणून तो शोधतो. ठेवणाऱ्यास घाई असते, म्हणून तो जागा दिसेल तेथे ठेवतो. यावर दोन साधे उपाय आहेत. फाइल काढली की तिच्या जागी जाड पुठ्ठ्याची लाल पट्टी उभी करावी व तीवर कोणी, कोणत्या दिवशी, कशासाठी नेली ते लिहावे. दुसरे असे की, परत आलेली फाइल कोणीही थेट कपाटात ठेवू नये. तिच्यासाठी दाराजवळ एक मोकळी फळी असावी, आणि संध्याकाळी एकाच ठरलेल्या व्यक्तीने सर्व फाइली जागेवर लावाव्यात. फळ्यांना अंक व कपाटांना अक्षरे दिली की क-३ म्हणजे क कपाटाची तिसरी फळी, हे अल्पशिक्षित माणसासही एका दिवसात समजते.

वर सांगितलेल्या गावी पुढील उन्हाळ्यात अशी मांडणी करून पाहिली. लाल पट्ट्यांचा आग्रह सर्वांत अधिक धरला तो तेथील नव्या शिपायाने. "साहेब, आता मला कोणी विचारीत नाही, पट्टीच सांगती," असे तो म्हणाला. यात त्याचे महत्त्व कमी झाले असे काहींना वाटले. त्याला स्वतःला तसे वाटल्याचे दिसले नाही.

संगणकाची जोड

२०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे पंचायतींत आली, २०२० पासून ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर हिशेब चढू लागले, सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागला आणि ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पीक पाहणी नोंदवू लागला. या सोयींचे मोल मोठे आहे. परंतु त्या प्रणाली ठरावीक माहिती मागतात. पंचायतीच्या कपाटातील बाकीचे कागद त्यांच्या बाहेरच राहतात, आणि त्यांसाठी वेगळी व्यवस्था लावताना पुढील चुका वारंवार घडतात.

निवड न करता स्कॅनिंग सुरू करणे ही पहिली. तण न काढता खत घालावे, तसे ते होते. कपाटातील गोंधळ जसाच्या तसा संगणकात जातो, आणि तेथे तो उघड्या डोळ्यांना दिसतही नाही. प्रथम सहा गठ्ठे करावेत. नंतर जन्म-मृत्यूच्या वह्या, कर आकारणीच्या जुन्या वह्या व कार्यवृत्ते यांचे स्कॅनिंग करावे. इंचास ३०० बिंदू इतकी स्पष्टता सामान्य लिखाणास पुरते. भ्रमणध्वनीवर घाईत काढलेल्या छायाचित्रात पानाची कड कापली जाते व बहुधा त्याच कडेला नोंदीचा क्रमांक असतो. स्कॅनिंग झाले म्हणून मूळ वही टाकून देऊ नये.

दुसरी चूक टंकाची. अनेक कार्यालयांतील दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे मराठी लेखन कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या टंकांत आहे. ते पडद्यावर मराठी दिसते, पण शोध घेताना संगणकास ते मराठी म्हणून ओळखता येत नाही. नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. अंकांचेही तसेच. एकाने देवनागरी अंकांत व दुसऱ्याने इंग्रजी अंकांत गट क्रमांक लिहिला तर एकाची नोंद दुसऱ्यास सापडत नाही. कोणते अंक वापरावयाचे ते एकदा ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग विषय, मग क्रमांक असा क्रम ठेवला तर यादी आपोआप ओळीने लागते.

तिसरी चूक खरेदीची. प्रणाली पुरविणारा कंत्राटदार प्रात्यक्षिक स्वतः दाखवितो व ते नेहमी यशस्वी होते. रक्कम देण्यापूर्वी एक कसोटी घ्यावी. कार्यालयातील सर्वांत नवख्या सेवकास पडद्यासमोर बसवावे, गावकऱ्यांच्या मागण्यांच्या वहीतील दहा मागण्या त्याला द्याव्यात आणि कोणीही मदत न करता तो त्या शोधू शकतो काय ते शांतपणे पाहावे. तो अडला तर दोष त्याचा नसून पडद्याचा आहे, असे समजून दुरुस्ती मागावी. बटणांवरील शब्द मराठी व नेहमीचे असावेत. वीज मध्येच गेली तर भरलेली माहिती जाता कामा नये. झालेली चूक सेवकास स्वतः सुधारता यावी, मात्र आधी काय होते व कोणी बदलले याची नोंद मागे राहावी. चूक सुधारता येत नाही असे कळले की सेवक नोंद करणेच टाळतो.

आधार क्रमांक, बँकेची खाती व आजाराची कागदपत्रे सर्वांना दिसतील अशी ठेवू नयेत. उलट, ठराव, अंदाजपत्रक व लाभार्थ्यांच्या याद्या कोणासही पाहता याव्यात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेख सूचीसह नीट लावून ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर घातले आहे. सूची असेल तर तीस दिवसांची मुदत पुरून उरते. नसेल तर एकाच अर्जाने कार्यालयाचा आठवडा जातो.

संगणकातील साठ्याच्या तीन प्रती असाव्यात व त्यांतील एक गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी असावी. सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातील पूर आपण पाहिला आहे. कपाट व संगणक एकाच खोलीत असतील तर पाणी दोहोंतही शिरते.

वाळवी, ओल आणि भिजलेल्या वह्या

या बाबतीत कृषी खात्याच्या माणसास थोडे अधिकाराने बोलता येईल. आपल्या काळ्या जमिनीत भिंतींना भेगा पडतात व त्यांतून वाळवी वर चढते. कपाटे व मांडण्या लोखंडी असाव्यात, भिंतीपासून व जमिनीपासून वीतभर दूर असाव्यात. दर महिन्याला पायांशी व भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात काय ते पाहावे. दिसल्यास नळी मोडून भागत नाही, भेग शोधून ती बुजवावी व वाळवीचा बंदोबस्त भिंतीत व जमिनीत करावा. कागदावर कीटकनाशक कधीही फवारू नये. धान्यात ठेवावयाच्या फॉस्फाइडच्या गोळ्या दप्तराच्या खोलीत ठेवण्याचा प्रकार क्वचित दिसतो. तो अत्यंत घातक आहे. त्या वायूने माणूस दगावतो.

आपले पूर्वज पोथ्या व मोडी रुमाल यांत वेखंडाचे तुकडे व वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवीत. कसर दूर ठेवण्यास तो उपाय आजही चालतो, मात्र पाला पूर्ण वाळलेला असावा, अन्यथा त्याचीच ओल लागते. रुमाल सुती कापडाचा बांधावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली वही पावसाळ्यात आतून घामेजते व बुरशी धरते.

वही भिजलीच तर उन्हात टाकू नये. कागद आखडतो व शाई उडते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ती उभी करून पाने पंख्यासारखी मोकळी करावीत, दर काही पानांनंतर टिपकागद किंवा कोरा शोषक कागद घालावा व तो वारंवार बदलावा. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. वाळू लागल्यावर पुष्कळशी आपोआप सुटतात.

पदभार घेताना

सर्वाधिक कागद कोणत्या दिवशी हरवतात, असे कोणी विचारल्यास उत्तर द्यावे लागेल की, बदलीच्या दिवशी. जाणाऱ्यास निघण्याची व येणाऱ्यास रुजू होण्याची घाई असते. पदभाराच्या यादीत "फाइली – एक कपाट" असे लिहून दोघेही सही करतात. पुढे कागद मिळाला नाही की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. यादीत प्रत्येक नोंदवहीचे नाव, वर्ष, पाने व जागा ही चार बाबी असाव्यात. नव्या अधिकाऱ्याने सहीपूर्वी यादीतील कोणत्याही दहा वह्या स्वतः काढून पाहाव्यात. संगणकाचे संकेतशब्द, प्रणालीचे खाते व डिजिटल स्वाक्षरीचा हिशेबही त्याच यादीत यावा. खाते एखाद्या सेवकाच्या खासगी भ्रमणध्वनीशी जोडलेले असेल, तर तो माणूस गेल्यावर सारे दप्तर कुलूपबंद होते, आणि किल्ली दुसऱ्या तालुक्यात असते.

या कामास वैशाखातील पंधरा-वीस दिवस पुरतात. तेव्हा हवा कोरडी असते, शेतीची कामे थंडावलेली असतात आणि आर्थिक वर्षही नुकतेच पालटलेले असते. पहिल्या दिवशी नवी कपाटे मांडीत बसू नये. ज्या गाठोड्यावर "किरकोळ" अशी चिठ्ठी असेल, ते सर्वप्रथम सोडावे.